रॉटरडॅम : युरोपचे प्रवेशद्वार
नेदरलँड्सच्या दक्षिण हॉलंड प्रांतातील रॉटरडॅम हे लोकसंख्येच्या दृष्टीने ॲमस्टरडॅमखालोखाल देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर आणि युरोपातील सर्वांत मोठे बंदर होय. ऱ्हाईन आणि मास या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, न्यूवे मास या प्रवाहाच्या दोन्ही तीरांवर ते वसले आहे. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीहून खाली असून, प्रिन्स अलेक्झांडर या उपनगरात ही पातळी सुमारे ६ मीटर खाली जाते.

तेराव्या शतकात, १२७०च्या सुमारास, रोटे या छोट्या नदीवर बांध घालण्यात आला. डच भाषेत बांधाला 'डॅम' म्हणतात. त्यावरून गावाला हे नाव मिळाले. १३४० साली हॉलंडचा सरदार चौथा विल्यम याने त्यास नगराचा दर्जा दिला. मानवतावादी विचारवंत इरॅस्मस याचा जन्म येथलाच. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक येथे होती. कोकणात वेंगुर्ले येथे वखार घालणारी कंपनी ती हीच.

बंदराच्या भरभराटीत गाळाचा अडथळा होता. नदीमुखे उथळ झाल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येईनात. तेव्हा अभियंता पीटर कॅलंड याच्या योजनेनुसार 'न्यूवे वॉटरवेग' हा जलमार्ग खोदण्यात आला व १८७२ साली तो खुला झाला. जर्मनीतील रूर खोऱ्याच्या औद्योगिक वाढीबरोबर रॉटरडॅमचाही उत्कर्ष झाला.

१४ मे १९४० रोजी शरणागतीच्या वाटाघाटी चालू असतानाच जर्मन विमानांनी शहरावर बॉम्बवर्षाव केला. सुमारे ८५० नागरिक मृत्युमुखी पडले, तर ८० हजार बेघर झाले. जुने मध्यवर्ती शहर भस्मसात झाले. युद्धोत्तर काळात मात्र जुन्याची प्रतिकृती न उभारता आधुनिक नगररचना स्वीकारण्यात आली. केवळ पादचाऱ्यांसाठी असलेली लाइनबान ही बाजारपेठ १९५३ साली सुरू झाली.

बंदरही पश्चिमेकडे, समुद्राकडे सरकत गेले. युरोपोर्टनंतर भराव घालून मासव्लाक्टे उभारण्यात आले. त्याचा दुसरा टप्पा २०१३ साली खुला झाला. आज बंदराचा पसारा सुमारे ४० किलोमीटर आहे. १९६२पासून २००४पर्यंत ते जगातील सर्वाधिक वर्दळीचे बंदर होते. पुढे आशियाई बंदरांनी ते स्थान घेतले. २०२४ साली येथे सुमारे ४३.६ कोटी टन मालाची हाताळणी झाली. खनिज तेल, लोहखनिज, कोळसा व कंटेनर हा येथील प्रमुख माल. तो नदीतील तराफे, नळवाहिन्या आणि २००७ साली सुरू झालेल्या बेटुवे मालवाहू रेल्वेमार्गाने युरोपच्या अंतर्भागात जातो.

समुद्र हा या शहराचा पोशिंदा, तसाच धोकाही. १९५३च्या महापुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ जणांचा बळी गेल्यानंतर व्यापक संरक्षणयोजना आखली गेली. तिचा शेवटचा मोठा टप्पा म्हणजे १९९७ साली कार्यान्वित झालेला मासलांट वादळरोधक. त्याचे प्रत्येकी २१० मीटर लांबीचे दोन दरवाजे एरवी उघडे राहून जहाजांना वाट देतात व वादळात जलमार्ग बंद करतात. २१ डिसेंबर २०२३ रोजी पाण्याची पातळी वाढताच ते प्रथमच आपोआप मिटले.

तेल व कोळसा यांवर पोसलेल्या या बंदरापुढे आता वेगळा पेच आहे. येथील उद्योगांतील कर्बवायू उत्तर समुद्रातील रिकाम्या वायुसाठ्यांत साठविण्याच्या 'पोर्थोस' प्रकल्पाला २०२३ साली अंतिम मंजुरी मिळाली. ज्या इंधनांच्या व्यापाराने हे शहर संपन्न केले, त्यांच्याच ज्वलनाने समुद्राची पातळी वाढत आहे. आणि त्या पाण्याची पहिली झळ या सखल भूमीलाच पोहोचणार आहे.