मोहीम की वेठबिगार? ऑनलाइन खेळांतल्या कामगिरीचा इतिहास

 

आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब लढाया सोडून पोरांच्या खेळांकडे कुठे वळले? पण थोडा धीर धरा. कॉम्प्युटरवर हजारो माणसं एकाच वेळी खेळतात त्या ऑनलाइन भूमिका-खेळांचं मूळ शोधत मागे गेलं, तर आपण थेट एका लष्करी छावणीत पोहोचतो. शिवाय त्यांतला कळीचा प्रश्न प्रत्येक फौजी अधिकाऱ्याच्या रोजच्या कामाचा आहे: माणसाला काम असं कसं द्यावं, की तो ते मनापासून करील?

या खेळांत मिळणाऱ्या कामाला ‘क्वेस्ट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, मोहीम. आणि मोहिमेच्या उलट टोकाला उभा असलेला शब्दही आपलाच आहे, वेठबिगार. दोन्हींत घाम सारखाच गाळावा लागतो. फरक कुठे पडतो, तेच आज बघायचं आहे.

सुरुवात प्रशियात. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण तोफखाना अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवरून तयार केलेला एक युद्धखेळ प्रशियाच्या जनरल स्टाफपुढे मांडला. ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धाचा खेळ. बुद्धिबळासारखी चौकटींची पाटी त्यात नव्हती. १:८००० प्रमाणाचा खरा नकाशा, लाल-निळ्या पथकांचे ठोकळे, दैवाचा भाग म्हणून फासे आणि मध्ये एक पंच. एक चाल म्हणजे युद्धभूमीवरची दोन मिनिटं. शत्रूचं जे पथक तुमच्या नजरेच्या टप्प्यात नाही, त्याचा ठोकळा पंच नकाशावर ठेवतच नसे. जनरल म्युफलिंग हे बघून इतके खूश झाले की हा खेळ रेजिमेंटांपर्यंत पोहोचवायची व्यवस्था झाली.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाडूला मिळणारी कामगिरी. अमुक पूल ताब्यात घ्या, तमुक वाट रोखा. काय करायचं ते सांगितलेलं, कसं करायचं ते त्याच्या अकलेवर सोडलेलं. आमच्याकडे आजही सॅण्ड मॉडेलवर जे सराव होतात, ते याच घराण्यातले.

आता उडी घेऊ अमेरिकेत. १८८० साली टॉटन नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने ‘स्ट्रॅटेगोस’ हे युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली या खेळवेड्या तरुणाच्या ते हाती लागलं. पंच असला की खेळाडू नियमांत नसलेलंही काही करून बघू शकतो, ही त्यातली कल्पना त्याला भावली. १९६९ मध्ये त्याने ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ रचला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन शहर. पण यात सगळे खेळाडू सेनापती नव्हते. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यार्थी, आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा. खेळ सुरू झाला आणि लोक आपापसांत कुजबुजायला लागले, कट करायला लागले, ठोकळे बाजूलाच राहिले. वेस्लीला वाटलं, खेळ पार फसला. खेळणारे मात्र म्हणाले, पुन्हा कधी?

माझ्या मते भूमिका-खेळ जन्मला तो इथे. पथकाचं उद्दिष्ट माणसाचं उद्दिष्ट झालं. त्या टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्सबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. त्यात पंचाचा ‘डंजन मास्टर’ झाला. समोरच्या खेळाडूंचे चेहरे बघून तो मोहीम जागच्या जागी वळवू शकत असे. कंटाळले? दारावर थाप पडते. फार सोपं झालं? पूल कोसळतो.

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. चित्र नाही, नुसते शब्द, पण एका जगात एकाच वेळी अनेक माणसं. इथे पंचाच्या जागी यंत्र आलं. पुढे १९९६ मध्ये बार्टलने एक गाजलेला लेख लिहून खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: यश मिळवणारे, धुंडाळणारे, माणसं जोडणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. आता अडचण लक्षात घ्या. चेहरा वाचणारा पंच गेला आणि समोर चार स्वभावांची हजारो माणसं. सगळ्यांना एकच मोहीम कशी पुरणार?

मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला. नावातच क्वेस्ट, पण मोहिमा सापडणं महाकठीण. खेळातल्या पात्राशी टाइप करून बोलायचं, त्याच्या उत्तरातला नेमका शब्द पकडून पुढचा प्रश्न विचारायचा. शब्द चुकला की गाडी अडली. त्यामुळे बहुतेकांचा वेळ एका जागी तळ ठोकून राक्षस मारण्यात जाई. मेलात तर अनुभवाचे गुण कापले जात आणि सामान प्रेतापाशी पडून राही. ते आणायला परत त्याच धोक्याच्या जागी जायचं. कष्टाचा खेळ होता. तरी जुने खेळाडू त्याच्याबद्दल आपल्या पहिल्या पोस्टिंगसारखं हळवं होऊन बोलतात, कारण दुसऱ्याच्या मदतीशिवाय तिथे निभाव नव्हता.

जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधून ‘रूनस्केप’ आला. त्यातली एक अगदी सुरुवातीची मोहीम ऐका. राजवाड्यातल्या आचाऱ्याला केक करायचा आहे आणि त्याला अंडं, दूध आणि पीठ हवं आहे. बस्स. पण पिठासाठी शेतातून गहू आणायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर टाकायचा, दांडा फिरवायचा, खाली येऊन पीठ भरायचं. दुधासाठी बादली शोधून गाईची धार काढायची. एकही राक्षस मरत नाही, पण या धावपळीत नवख्याला गावाचा कोपरा न् कोपरा ठाऊक होतो. आम्ही नव्या तुकडीला आधी इलाख्याची ओळख करून देतो, तसंच हे.

मग नोव्हेंबर २००४, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. या खेळाच्या मोहिमा रचणाऱ्यांत जेफ कॅप्लन होता, जो आधी एव्हरक्वेस्टचा पट्टीचा खेळाडू होता. सुरुवातीचा बेत असा होता की पहिल्या काही पातळ्यांपुरत्या मोहिमा द्यायच्या आणि पुढे लोक आपले राक्षस मारत बसतील. पण घरच्याच चाचणीत दिसलं, मोहिमा संपल्या की खेळ मेल्यासारखा वाटतो. मग शेवटपर्यंत मोहिमा पेरल्या गेल्या. काम देणाऱ्या पात्राच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह, जवळ कामांची वही. एकट्या माणसालाही वाट सापडू लागली आणि खेळ जगभर पसरला.

पण औषधाची मात्रा वाढली की काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. दहा डुकरं मारा, वीस कातडी आणा. २००७ पासून रोज तीच ती करायची दैनंदिन कामं आली. २००९ मध्ये खेळरचनाकारांच्या परिषदेत कॅप्लनने आपल्याच मोहिमांची चिरफाड केली. एकाच वेळी डझनभर उद्गारचिन्हं दाखवली की गोष्टीचा धागा तुटतो, लांबलचक मजकूर कोणी वाचत नाही, आणि विखुरलेली पुस्तकाची पानं गोळा करायला लावणारी आपण रचलेली एक मोहीम तर फारच वाईट होती, असं त्याने सांगितलं. त्याच वर्षाच्या शेवटी खेळाच्या नकाशावरच मोहिमेची जागा दिसू लागली. सोय झाली खरी, पण खेळाडू डोंगर-ओढे बघायचं सोडून ठिपका बघायला लागला. २०१९ मध्ये कंपनीने जुनं रूप ‘क्लासिक’ म्हणून परत आणलं, त्यात ते ठिपके नव्हते, आणि लोकांनी प्रवेशासाठी तासन्‌तास रांगा लावल्या.

इथे माझ्या नोकरीतलं एक निरीक्षण सांगतो. एका उंच चौकीवर थंडीआधी रॉकेलचे जेरीकॅन खालून वर चढवायचे होते. एक सेक्शन कमांडर म्हणाला, चाळीस जेरीकॅन, संध्याकाळपर्यंत, चला. दुसऱ्याने पोरांना बसवून सांगितलं, दहा-बारा दिवसांत खेचरांची वाट बर्फाने बंद होईल. त्यानंतर वरच्या अकरा जणांची शेगडी याच रॉकेलवर पेटणार आहे, आणि त्या अकरांत आपल्यातलेही तिघे आहेत. वजन तेच, चढ तोच. पहिल्या सेक्शनमध्ये मोजणी चालली होती. दुसऱ्यात पोरं स्वतःहून जवळची वाट शोधत होती.

आमच्या आदेशपद्धतीत आधी परिस्थिती सांगतात, मग उद्दिष्ट, आणि नंतर अंमलबजावणी. हा क्रम उगाच नाही. ‘का’ कळलं की माणूस ‘कसं’ स्वतः शोधतो, आणि त्या शोधण्यातच तो रंगून जातो. खेळातली तल्लीनता चित्रांच्या झगमगाटातून येते असं लोकांना वाटतं. ‘मड’मध्ये एकही चित्र नव्हतं, तरी माणसं रात्र रात्र जागली.

याचा सर्वांत मोठा पुरावा ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळ-खेळात मिळाला. २७ जानेवारी २०१४ रोजी एका गटाकडून एका तारामंडलाच्या ताब्याचं बिल भरायचं राहून गेलं. शत्रूने संधी साधली आणि जवळजवळ एक दिवसभर लढाई चालली. हजारो खेळाडू उतरले, सर्वांत मोठ्या जातीची पंच्याहत्तर जहाजं बुडाली. ही मोहीम कंपनीतल्या कोणीही लिहिलेली नव्हती. रसद, मैत्री, दगाफटका आणि एक विसरलेलं बिल, लढाईचा इतिहास नेहमी असाच घडत आलेला आहे.

आता आजी-आजोबा आणि आईवडिलांसाठी. पोरगं खेळतंय म्हणून सरसकट आरडाओरडा करू नका. शेजारी बसा आणि एकच प्रश्न विचारा, आत्ता तू हे कशासाठी करतोयस? त्याने डोळे मोठे करून गोष्ट सांगितली, मित्रांना कसं सोडवायचं त्याचा बेत सांगितला, तर समजा तो मोहिमेवर आहे. जेवणापुरतं थांबवा, बाकी ऐकून घ्या. पण ‘आजचं राहिलंय, नाही केलं तर बक्षीस जाईल’ एवढंच उत्तर आलं, तर ती हजेरी आहे. तिथे वेठबिगार सुरू झाली, आणि तिच्यातून त्याला बाहेर काढणं हे आपलं काम आहे.

आपल्या मुलांपैकी अनेक जण आज बंगळुरू-पुण्यात असे खेळ बनवतात. त्यांना एवढंच सांगेन, बाबांनो, समोरच्याला माणूस समजून काम द्या. हिशोब यंत्र करील, कारण मात्र तुम्हालाच द्यावं लागेल.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.