मूल्यसंघर्ष आणि नैतिक निवाडा : मराठवाडा विद्यापीठ नामांतराचा इतिहास (१९७८-१९९४)

प्रस्तावना :

मनुष्य एखादी कृती न्याय्य की अन्याय्य हे ठरवितो, तेव्हा तो केवळ वस्तुस्थितीचा विचार करीत नाही. कुटुंब, जात, धर्म, प्रदेश आणि शिक्षण यांतून त्याच्या ठायी रुजलेली मूल्ये त्या निवाड्यामागे उभी असतात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न हे याचे ठळक ऐतिहासिक उदाहरण होय. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्याची प्रत्यक्ष फलश्रुती १४ जानेवारी १९९४ रोजी झाली. मधल्या साडेपंधरा वर्षांत एकाच ठरावाकडे समाजातील काही घटकांनी न्याय म्हणून, तर काहींनी अन्याय म्हणून पाहिले. या भिन्न निवाड्यांमागील मूल्यांचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

प्रादेशिक अस्मितेचे मूल्य :

मराठवाड्याला स्वातंत्र्य मिळाले ते उर्वरित देशाच्या तेरा महिन्यांनंतर, १७ सप्टेंबर १९४८ रोजी. निजामी राजवटीत मराठी भाषेची व शिक्षणाची झालेली उपेक्षा, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढा आणि रझाकारांचे अत्याचार या अनुभवांतून ‘मराठवाडा’ हे नाव केवळ भूभागाचे न राहता सामूहिक त्यागाचे प्रतीक बनले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे स्थापन झालेले विद्यापीठ हे त्या आकांक्षेचे मूर्त रूप होते. पुढे १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाने अनुशेषाची व उपेक्षेची भावना अधिक तीव्र केली.

मुक्तिसंग्रामातील ज्येष्ठ नेते गोविंदभाई श्रॉफ आणि दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांनी नामांतरास विरोध केला. या विरोधाची भूमिका प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत मांडली गेली. ज्यांनी एका जुलमी सत्तेविरुद्ध आयुष्य वेचले, त्यांच्या निवाड्यास केवळ जातीय आकस असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि अस्मितेचे हे मूल्य सर्व मराठवाडावासीयांना सारखेच सामावून घेत होते काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

ज्ञान आणि प्रतिष्ठेचे मूल्य :

दलित समाजाच्या दृष्टीने मराठवाड्याच्या शैक्षणिक इतिहासाचा आरंभबिंदू निराळा होता. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती, तेथे नागसेनवनाच्या परिसराने खेड्यापाड्यांतील मुलांना वसतिगृह आणि ग्रंथालय उपलब्ध करून दिले. विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी आले. त्यामुळे या प्रदेशातील उच्च शिक्षणाशी आंबेडकरांचे नाव जोडणे ही दलित समाजाच्या लेखी मेहेरनजर नव्हती, तर ऐतिहासिक सत्याची नोंद होती.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये, हैदराबादचा प्रश्न पेटलेला असताना, संस्थानातील अस्पृश्य समाजाने निजामाची बाजू घेऊ नये, असे आवाहन आंबेडकरांनी जाहीरपणे केले होते. म्हणजेच ‘मराठवाडा’ आणि ‘आंबेडकर’ ही नावे परस्परविरोधी आहेत, हे गृहीतक इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

नियम, तत्त्व आणि वर्तन :

आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम सवयीने पाळला जातो. तत्त्व मात्र मनुष्यास विचार करून निवाडा करावयास लावते आणि म्हणून त्याच्यावर जबाबदारी टाकते. १९७८ च्या घटनांचे विश्लेषण करण्यास हा भेद उपयुक्त ठरतो.

शहरातील वाद तत्त्वांच्या भाषेत चालला होता. खेड्यांत मात्र गावकीचा नियम बोलत होता. ठरावानंतर तत्कालीन पाचही जिल्ह्यांत दंगली उसळल्या. नांदेड व परभणी जिल्ह्यांना त्यांची विशेष झळ पोहोचली. दलितांची घरे जाळण्यात आली, अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ज्यांची घरे जळाली, त्यांतील बहुतेकांचा विद्यापीठाशी कधी संबंधही आला नव्हता. गावकीची कामे नाकारणारा, मुलांना शाळेत धाडणारा, मान वर करून चालणारा दलित हा जुन्या नियमाचा भंग करीत होता. नामांतर हे त्या रोषाला मिळालेले निमित्त ठरले. अस्मितेचे मूल्य मानणाऱ्या सर्वांनी हिंसा केली नाही. परंतु हिंसा करणाऱ्यांना त्या मूल्याची ढाल मिळाली, हे नाकारता येत नाही.

मूल्ये जातीने पूर्णतः ठरत नाहीत, याचीही साक्ष हाच काळ देतो. एस. एम. जोशी व डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे दलितेतर नेते नामांतराच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने ‘लाँग मार्च’ निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी आत्मदहन केले. एका नावासाठी माणसे प्राण का देतात, असा प्रश्न त्या काळी विचारला गेला. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हिणवणाऱ्या नावांनीच हाक मारली गेली, त्याच्या दृष्टीने नाव ही गौण बाब असूच शकत नव्हती.

नामविस्तार : मूल्यांची फेरमांडणी :

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठ ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. ‘नामांतर’ या शब्दाची जागा ‘नामविस्तार’ या शब्दाने घेतली. जुने नाव पुसले गेले नाही, नवे त्यापुढे जोडले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले; विद्यापीठाचे संयुक्त नाव मात्र कायम आहे आणि दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी मोठा जनसमुदाय लोटतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, नैतिक निवाडा हा मूल्यांच्या अभावी नव्हे, तर मूल्यांच्या क्रमवारीतील फरकामुळेही भिन्न होतो. दुसरी, मूल्य कितीही उदात्त असले तरी त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, यावरून त्याची पारख करणे आवश्यक ठरते. तिसरी, परस्परविरोधी भासणारी मूल्ये एकत्र नांदू शकतात. १९९४ चे संयुक्त नाव हे त्याचे प्रमाण होय. परंतु जी तडजोड १९९४ मध्ये शक्य झाली, ती १९७८ मध्ये अशक्य का ठरली, याचे उत्तर समाजाला द्यावेच लागते.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदास संवादापूर्वी अट घालतात : चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे, कारण पंडित खंडन झाले तरी रागावत नाहीत, राजे मात्र मतभेद करणाऱ्यास दंड देतात. विद्यापीठाच्या शेजारीच या दोघांच्या नावांचा परिसर आहे. १९७८ साली ही अट पाळली गेली नाही, आणि त्याचा दंड ज्यांना वादात स्थानच नव्हते त्यांनी भोगला. मतभेदाची पंडितांची रीत विद्यार्थ्यांत रुजविणे हे म्हणूनच उच्च शिक्षणाचे प्रथम कर्तव्य ठरते.