वसिष्ठ-अरुंधतीचीं नांवें

विवाहसमयीं वधूस ध्रुव व अरुंधती दाखवावी, असें गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. लग्नें आतां बहुधा दिवसां लागत असल्यामुळें हें दर्शन पुष्कळदां कार्यालयाच्या छताकडे बोट करूनच उरकतें. रात्रीं खरोखर पाहूं जातां, सप्तर्षींच्या शेपटांत टोंकाकडून दुसरा तो वसिष्ठ, आणि त्यापासून अवघ्या १२ कलांवर जी मंद तारका ती अरुंधती. ती चटकन् दिसत नाहीं. आधीं शेजारचा मोठा तारा दाखवून मग तिच्याकडे दृष्टि न्यावी लागते. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेण्याचा जो दृष्टांत योजिला, तो हाच.

अथर्ववेदांत अरुंधती ही एक औषधी वेल आहे. वृक्षांवर चढणारी व जखमा भरून आणणारी. मोठ्या ताऱ्यास बिलगलेल्या तारकेस वेलीचें नांव आम्हांस अत्यंत समर्पक वाटतें. महाभारतांत मात्र तिच्याविषयीं एकवाक्यता नाहीं. वनपर्वांत स्वाहेनें सहा ऋषिपत्नींचीं रूपें घेतलीं, पण अरुंधतीचें रूप तिला घेतां आलें नाहीं, एवढें हिचें पातिव्रत्य! उलट आदिपर्वांत हिनेंच निष्पाप वसिष्ठाविषयीं संशय घेतला, म्हणून ही धुरकट तांबूस व दिसे-न-दिसेशी झाली, असें आहे. भीष्मपर्वांत तर तिनें वसिष्ठास मागें टाकलें, हें युद्धापूर्वींच्या उत्पातांत गणलें आहे. मंदपणा ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट. तीवर अपराध लादला तो कथाकारानें. जिच्याकडे बोट दाखवून नववधूस निष्ठा शिकवावयाची, तिच्याच तेजांत खोट काढावी, हें आम्हांस रुचत नाहीं.

अरबांनीं तिच्यावर ठपका ठेवला नाहीं. त्यांच्याकडे ती 'सुहा', म्हणजे दुर्लक्षित; लोक तिच्यावरून दृष्टीची परीक्षा घेतात, असें अल्-सूफीनें दहाव्या शतकांत नमूद केलें आहे. युरोपांत तिला 'अल्कोर' म्हणूं लागले. वसिष्ठाचें तिकडील 'मिझार' हें नांव मात्र शुद्ध घोटाळा होय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अस्वलाची कंबर, आणि तो सप्तर्षींतील दुसऱ्याच ताऱ्याचा. तो चुकून येथें आला, व पुढें स्कॅलिजर नामक पंडितानें त्याचें 'मिझार', म्हणजे कमरेचें वस्त्र, असें केलें. विद्वत्तेनें अस्वलास धोतर नेसविलें, तें आजतागायत सुटलेलें नाहीं!

दुर्बिणीनें या कुटुंबाचा विस्तार उघड केला. कास्तेल्लीच्या सूचनेवरून १६१७ सालीं गॅलिलिओनें वसिष्ठ स्वतःच दुहेरी असल्याचें पाहिलें. १८८९ सालीं पिकरिंगनें त्यांतील तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटांतील रेषा ठराविक काळानें दुभंगतात, असें जाहीर केलें. म्हणजे तोही एक जोडताराच. त्याचे दोन घटक साडेवीस दिवसांत परस्परांभोंवतीं फेरी पुरी करतात. दुसराही पुढें तसाच निघाला. एकट्या वसिष्ठांत चार तारे! २००९ सालीं अरुंधतीजवळही एक लहान तांबडा सोबती सांपडला, आणि तिच्या गतीवरून व अंतरावरून ती वसिष्ठाशीं गुरुत्वाकर्षणानें बांधलेली असावी, असा निष्कर्ष काढण्यांत आला. त्या सोबत्यास नांव ना ऋषींनीं दिलें, ना अरबांनीं. खगोलवेत्ते त्यास 'अल्कोर-ब' एवढेंच म्हणतात.