एकाचा सांगाडा, दुसऱ्याचं काळीज : उसाच्या ट्रकांचा थोडा इतिहास

गाळप हंगाम जवळ आला की बांधावर खतापाण्याइतकीच चर्चा वाहनांची होते. म्हणून आज पिकाचं नाही, ट्रकचं टिपण. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करायची विद्या आपल्याकडं कशी रुजली आणि आता ती का आटत चाललीय, ते सांगतो.

1945 ला दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराचे फोर्ड, शेव्हरोले, डॉज असले ट्रक विक्रीला निघाले. जुनी माणसं त्यांना ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणायची. त्यांचे भाग सहजी मिळत नसत. मग एक गाडी चालवायची आणि दुसरी भागांसाठी मोडायची, हा सरळ हिशेब.

1950 ला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाठोपाठ राज्यात कारखाने वाढले. जवळचा ऊस बैलगाडीनं येई, लांबच्याला ट्रक लागू लागला. 1954 मध्ये टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. 1969 ला करार संपला, बॉनेटवरची चांदणी जाऊन ‘टी’ आला, पण यंत्राची घडण बरीचशी तीच राहिली. इंजिनाच्या नावातच माप असायचं: 692 म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोर. 697 म्हणजे सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोर. वर्षानुवर्षं तेच इंजिन चालल्यामुळं एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा.

दुसरं कारण बांधणीचं. त्या काळी कंपनीकडून बहुतेक नुसती चेसिस यायची: दोन लांब लोखंडी चॅनेल, त्यांना रिव्हेट मारलेल्या आडव्या पट्ट्या, वर इंजिन आणि बॉनेट. केबिन आणि हौदा आपल्याकडचे सुतार-लोहार बांधायचे. जी गाडी तुकड्यांनी जोडलेली, ती तुकड्यांनी सोडवताही येते.

आमच्याच घरचं उदाहरण. 1993 च्या जानेवारीत चुलत्यांची, म्हणजे आण्णांची 1210 एसई भरल्या उसानिशी रात्री ओढ्यात गेली. ड्रायव्हरचा पाय मोडला, जीव वाचला. केबिन चपाटली, इंजिनाचा ब्लॉक फुटला, पुढचा अॅक्सल आणि स्टिअरिंग बॉक्स गेला. गाडीवर सोसायटीचं कर्ज होतं. शिवाय बीडकडच्या नऊ कोयत्यांना उचल देऊन ठेवलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गाडी थांबली की अठरा माणसांचे हात थांबले. आणि तोड झालेला ऊस 24 तासांच्या आत गाळला तर ठीक, पुढं वजनही घटतं आणि साखरही.

मिस्त्रींनी त्याच मॉडेलची दुसरी गाडी शोधली. तिला मागून धडक बसलेली, पुढचा भाग शाबूत. आपली पुढून गेलेली, ती मागून. पण आण्णांची अट एकच, “मिस्त्री, तिचे कागद आधी दाखवा.” नोंदणी रद्द झाल्याचा कागद बघूनच पैसे दिले.

आधी चेसिस तपासली. चारी कोपऱ्यांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि दोरीनं तिरकी मापं घेतली. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर चेसिस काटकोनात. आमची इंचभर सरकली होती. जॅक आणि गर्डर लावून ती थंडच सरळ केली. तापवलं की लोखंडाचा कस जातो, असं मिस्त्रींचं ठाम मत. चॅनेलच्या वरच्या-खालच्या कडेला वेल्डिंग लावू दिलं नाही, कारण भार तिथंच येतो आणि तडाही तिथंच जातो. मोडलेली आडवी पट्टी रिव्हेट काढून बदलली.

वाद झाला तो हाऊसिंगवरून. दुसऱ्या गाडीच्या क्राऊन-पिनियनचे दात 41 आणि 7, आमचे 41 आणि 6. ड्रायव्हरला 7 चं हवं होतं, गाडी पळते म्हणून. मिस्त्री म्हणाले, “पळायचंय की रानातनं चढ काढायचाय?” 41 ला 6 नं भागलं तर 6.83, 7 नं भागलं तर 5.86. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, वेग कमी. आमचंच हाऊसिंग राहिलं. इंजिन, पुढचा अॅक्सल, स्टिअरिंग आणि केबिन दुसऱ्या गाडीची. 23 दिवसांत ट्रक पुन्हा काट्यावर उभा राहिला. टोळी टिकली, कर्जही फिटलं.

यातली खरी मेख कागदांची आहे. गाडीची ओळख चेसिस नंबर. इंजिन बदललं तर आरटीओकडं परवानगी आणि आरसीवर नवा नंबर लागतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 गाडीतल्या बदलांचं आहे. कलम 55 प्रमाणं गाडी कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. नंबर घासून दुसरा ठोकणं हे गाडी बांधणं नव्हे, गुन्हा आहे. अशा गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो आणि मेलेल्याच्या घरच्यांचे हाल होतात.

ही विद्या फक्त गॅरेजचीच नाही. आपल्या एसटीनंही दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत जुन्या चेसिसवर नव्या बॉडी चढवल्या आहेत.

आता दिवस बदलले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. इंजिनाला सेन्सर, वायरिंग आणि कंट्रोल युनिट, नुसतं उचलून दुसऱ्या गाडीत ठेवलं तर चालू होईलच असं नाही. 2021 मध्ये वाहन भंगार धोरण आलं. धूर आणि अपघात बघता ते बरोबरच आहे. पण ओळंबा सोडून चेसिस तपासणारा माणूसही त्याच भंगारात जाऊ नये.

यंदा जुना ट्रक घेणार असाल तर रंग बघू नका. बॅटरी मारून चेसिस नंबर वाचा, आरसीशी दोन्ही नंबर ताडा, चॅनेलच्या कडेला वेल्डिंग आहे का हात फिरवून बघा. आणि गावात म्हातारा मिस्त्री असेल तर त्याला चार पैसे देऊन सोबत न्या.