घोरपडे, पण कोणते घोरपडे?

मिरज-तासगावकडं सोयरिकीची बोलणी सुरू झाली की नुसतं आडनाव सांगून भागत नाही. मुलीकडचे म्हणतात, ‘आम्ही घोरपडे.’ समोर बसलेला म्हातारा पानाला चुना लावता लावता डोकं वर न करता विचारतो, ‘कुठले घोरपडे?’ मग कापशीकर, मुधोळकर, गजेंद्रगडकर अशी उत्तरं येतात. त्यावरही त्याचं समाधान होत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कुळी?’ एवढं सगळं कळेपर्यंत चहा निवून जातो.

या भागात असल्या प्रश्नांची उत्तरं पाठीवर घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे हेळवी. तो कर्नाटकाकडून येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा. सुगी झाली की दारात उभा राहायचा आणि घराच्या मूळ पुरुषापासून नावं म्हणायला लागायचा. मधल्या सालांत जन्मलेली पोरं वहीत चढवायची, धान्य-कपडा घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं. कारभाऱ्याला स्वतःच्या खापरपणज्याचं नाव आठवत नसायचं, ते हेळव्याला तोंडपाठ. सातारा-सांगलीतल्या कित्येक घरांचा वंशवृक्ष भिंतीवर टांगलेला नाही, तो असा दुसऱ्याच्या वहीत आहे.

पण वही कुणाची कितीही जाड असली तरी आडनाव आणि कूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. फलटणचे निंबाळकर कुळी सांगतात पवार. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूर गावावरून डफळे झाले. सोयरीक जमवताना अडतं ते कुळीवर. आडनाव सांगतं की हे घर कधीतरी कोणत्या गावाला, कोणत्या वतनाला किंवा कोणत्या पराक्रमाला चिकटलं.

चीनमध्ये ही व्यवस्था फार जुन्या काळी होती. तिथल्या वरच्या घराण्यांत दोन नावं असत. एक ‘शिंग’, म्हणजे मूळ कूळ. दुसरं ‘शी’, म्हणजे त्या कुळाची फांदी, आणि ही फांदी ओळखली जायची जहागिरीच्या मुलखावरून नाहीतर हुद्द्यावरून. लग्न ठरवताना शिंग बघत, एका शिंगात लग्न होत नसे. थोर इतिहासकार सिमा च्यान याचं ‘सिमा’ हे आडनाव मुळात लष्करी कारभार पाहणाऱ्या मंत्र्याचा हुद्दा होता. पुढे छिन आणि हान राजवटींच्या सुमारास शिंग आणि शी यांतला फरक मिटला आणि दोन्ही मिळून एकच आडनाव उरलं. आपल्याकडं तो फरक मिटला नाही. म्हणून तर तो म्हातारा दोन प्रश्न विचारतो.

आता घोरपडे. हे गावावरून पडलेलं नाव नाही, हुद्द्यावरूनही नाही. ते पडलं एका सरपटणाऱ्या प्राण्यावरून. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनी सरकारचा माणूस म्हणून राहिलेला कॅप्टन ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात ही हकिकत आहे. हे घराणं पूर्वी भोसले म्हणवायचं. कोकणातला एक किल्ला कुणालाच घेता येईना, तेव्हा यांच्या पूर्वजानं घोरपडीच्या अंगाला दोर बांधून तिला कड्यावर चढवलं आणि पहिल्यांदा तटावर पाय ठेवला. तेव्हापासून घोरपडे.

मुधोळकरांची परंपरा त्याच गोष्टीला तपशील जोडते. किल्ला खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड. काळ बहामनी वजीर महमूद गावानच्या कोकण मोहिमेचा, म्हणजे १४७० च्या आसपासचा. पराक्रम कर्णसिंह आणि त्यांचे पुत्र भीमसिंह यांचा, आणि बक्षीस म्हणून ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब. या परंपरेत भोसले आणि घोरपडे म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांचे दोन वंश. मुधोळ दरबाराकडे यासाठी बहामनी सुलतानांची फर्मानं होती आणि त्यांच्या आधारानं १९३० च्या दशकात द. वि. आपट्यांनी घराण्याचा इतिहास लिहिला. त्या फर्मानांच्या अस्सलपणावर इतिहासकारांनी तेव्हाही शंका घेतली आणि तो वाद संपलेला नाही. मला स्वतःला फर्मानांपेक्षा ती कहाणी जास्त जुनी वाटते. एखाद्या घराला आधी नाव असतं, मग त्या नावाला शोभेल अशी गोष्ट सापडते, आणि गोष्टीला कागद त्याच्याही नंतर लागतो. मोरे, वाघ, कोल्हे, लांडगे, गरुड अशी प्राण्या-पाखरांची आडनावं आपल्याकडं पैशाला पासरी आहेत, त्या प्रत्येकानं काही किल्ला घेतलेला नाही. मराठ्यांत देवक म्हणून झाडं, पिसं, पाती पुजतात. घोरपडीचं नावही तसल्याच एखाद्या जुन्या नात्यातून आलं असेल.

आणि एक गंमत. घोरपडीला दोर लावून गड चढण्याची गोष्ट आपण ऐकतो ती तानाजीची, १६७० च्या सिंहगडाची. पोवाड्यात तिचं नावसुद्धा आहे, यशवंती. पण मालुसऱ्यांचं आडनाव काही त्यामुळं बदललं नाही.

घोरपडे आदिलशाहीत मोठे झाले आणि तिथंच त्यांच्या दोन पात्या पडल्या. एक मुधोळची, घटप्रभेच्या काठची, दुसरी कापशीची. सातकस आणि नवकस अशी त्यांची नावं जुन्या कागदांतून येतात. भोसल्यांशी एक कूळ सांगणाऱ्या या घराण्यानं भोसल्यांशीच जे वैर केलं ते शाळेच्या पुस्तकात येतं. १६४८ साली जिंजीजवळ आदिलशाही छावणीत शहाजीराजांना कैद झाली, त्या कामात पुढे होते मुधोळचे बाजी घोरपडे. सोळा वर्षांनी, १६६४ मध्ये, शिवाजीराजांनी मुधोळवर चालून जाऊन बाजींना मारलं. भाऊबंदकी इथल्या माणसाला नवी नाही, पण तिच्यात राज्यं गुंतलेली क्वचित असतात. त्याहून मोलाचं आहे ते १६७७ सालचं पत्र. बाजींचे पुत्र मालोजी यांना खुद्द शिवाजीमहाराजांनी लिहिलं, मागचं वैर टाकून या, म्हणून. ज्याच्या बापाला आपण मारलं त्याला अशी हाक घालायची तर मधे जुन्या रक्ताचा काहीतरी आधार लागतो, आणि महाराजांना तो ठाऊक होता.

कापशीच्या पातीनं वेगळी वाट धरली. म्हाळोजी घोरपडे स्वराज्याचे सरसेनापती झाले आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी, संभाजीमहाराज पकडले गेले त्या चकमकीत पडले. त्यांच्या मागं तीन मुलगे: संताजी, बहिर्जी, मालोजी. राजाराममहाराजांच्या काळात तिघांना तीन किताब मिळाले. संताजी ममलकतमदार, बहिर्जी हिंदुराव, मालोजी अमीर-उल-उमराव. हे किताब फारसी वळणाचे आणि बोलायला अवघड, पण घराण्याच्या फांद्या ओळखायला आडनावापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात. सरदार मेला तरी किताब मरत नाही, तो मुलाच्या नावापुढं जाऊन बसतो. संताजींकडे मिरज प्रांताची देशमुखी आली, त्यामुळं मिरज तालुक्यात घोरपडे आडनावाला वेगळंच वजन.

आणि याच मुलखानं संताजींचा घात केला. सेनापतिपदावरून राजाराममहाराजांशी बिनसलं, धनाजी जाधवांशी उघड लढाई झाली. त्या लढाईत धनाजींच्या बाजूचा अमृतराव निंबाळकर हाती लागला आणि संताजींनी त्याला हत्तीच्या पायी दिलं. अमृतरावाची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या घरात दिलेली होती. १६९७ च्या जूनमध्ये, जवळ फार माणसं राहिली नसताना, शंभू महादेवाच्या डोंगरात ओढ्यावर अंघोळ करत असलेल्या संताजींना नागोजी मान्यानं गाठून मारलं आणि मस्तक औरंगजेबाकडं पाठवलं. माण तालुक्यातलं कारखेल त्या जागेचं ठिकाण सांगतं. हे सगळं उलगडून बघितलं तर घोरपडे, निंबाळकर, माने ही तीन आडनावं साताऱ्याच्या पूर्वेला एकाच दिवसभराच्या रपेटीत येतात. मोगल साम्राज्य आणि मराठ्यांचं राज्य यांच्यातलं युद्ध म्हणून आपण जे वाचतो, ते माणदेशात उतरलं की मेहुण्याच्या सुडासारखं दिसतं.

संताजींचा वंश कापशीला राहिला. बहिर्जींची शाखा मात्र दक्षिणेला सरकत गेली, गजेंद्रगड, गुत्ती, सोंडूर अशी. गुत्तीच्या मुराररावांनी १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांच्या मोहिमेत त्रिचनापल्ली हाती आल्यावर ती दोन वर्षं सांभाळली. १७७६ साली हैदर अलीनं गुत्ती घेतली आणि त्यांना कब्बलदुर्गाच्या कैदेत टाकलं, तिथंच ते वारले. सोंडूरचं संस्थान मद्रास इलाख्यात होतं, बेल्लारीच्या बाजूला, आणि १९४९ मध्ये विलीन होईपर्यंत तिथल्या राजाच्या नावात ‘हिंदुराव’ही होतं आणि ‘ममलकतमदार सेनापती’ही. दोन्ही भावांचे किताब एकाच माणसाकडे! त्या घरातले एम. वाय. घोरपडे १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि रानातल्या जनावरांचे फोटो काढण्यासाठी जगभर ओळखले गेले. कानडी मुलखातल्या वाचकाला घोरपडे हे नाव मिरजेकडचं आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

सगळ्यांत चमत्कारिक फांदी मात्र ज्या झाडाला फुटायला नको होती त्यावर फुटली. वेंगुर्ल्याजवळच्या म्हापणचा नारो महादेव जोशी हा ब्राह्मण मुलगा आईबरोबर घाट चढून वर आला आणि संताजींच्या घरात वाढला. पुढे त्यांच्याच पदरी कर्तबगार झाला, इचलकरंजीचं इनाम त्याला मिळालं, आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेनं त्यानं जोशी हे आडनाव टाकून घोरपडे घेतलं. चीनमध्ये याची उलटी रीत होती. तांग बादशहा खूश झाला की सरदाराला आपलं ‘ली’ हे आडनाव बक्षीस देई. शिवाजीमहाराजांचाच समकालीन झंग छंगकुंग, ज्यानं १६६२ मध्ये डच लोकांना तैवानातून हाकललं, त्याला मिंग घराण्यानं बादशाही आडनाव बहाल केलं होतं. युरोपीय त्याला ‘कोक्सिंगा’ म्हणतात, त्याचा अर्थच ‘बादशाही आडनावाचा धनी’. तिथं आडनाव वरून मिळायचं. इथं एका ब्राह्मणानं ते खालून उचललं.

आणि मग काय झालं पाहा. नारो महादेवांचा मुलगा व्यंकटराव, त्याला पेशवे बाळाजी विश्वनाथांची मुलगी अनुबाई दिली. बाजीरावाचा मेहुणा घोरपडे झाला. कोब्रा-कऱ्हाडे, देशस्थ-मराठा असल्या भिंती या भागात किती पक्क्या आहेत हे ठाऊक असणाऱ्यानं यावर जरा थांबावं: एका मराठा सेनापतीचं आडनाव पेशव्यांच्या जावयाला लागलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

इचलकरंजीकरांचे उपाध्ये होते कोतवड्याचे हरभट पटवर्धन. यजमान पेशव्यांचे व्याही, म्हणून भटजींच्या मुलांना पेशवाईत वाट मिळाली. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्र्यंबक हरी तलवार धरून निघाले, आणि १७६० च्या दशकात मिरजेचा सरंजाम पटवर्धनांकडे आला. नंतर काका-पुतण्यांचं बिनसलं. चिंतामणराव मिरज सोडून १८०१ च्या सुमारास कृष्णाकाठच्या सांगलीला येऊन राहिले. मागं मिरजेच्या थोरल्या-धाकट्या पात्या राहिल्या, तशाच कुरुंदवाड, जमखिंडी वगैरे. आज जिल्ह्याचं नाव ज्या सांगलीवरून आहे, ती सांगली वाढली भावकीच्या वाटणीतून, आणि त्या भावकीला हे दार उघडून दिलं होतं एका उसन्या आडनावाच्या घरानं. सांगलीच्या गणपतीसमोर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर तो आधी प्रसाद घ्या म्हणेल.

म्हणून ‘घोरपडे’ ऐकून जात सांगता येत नाही. मराठा, ब्राह्मण, आणि इतर समाजांतही हे आडनाव आहे. शेतकरी आहेत, पोस्टमास्तर आहेत, मुंबईच्या गिरण्यांत राबलेले आहेत. हेळव्याच्या वहीत मात्र इचलकरंजीच्या घोरपड्यांचं पान कापशीच्या पानाला कधीच लागणार नाही. त्याची वही पोराला बापाखाली लावते, उपकाराखाली कसं लावायचं ते तिला येत नाही.

खुद्द घोरपडीचं म्हणाल तर ती आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीत. तरी तेलासाठी माणदेशात तिला मारणारे सापडतातच. गडाच्या कामी तिला जुंपायचं म्हटलं तर आज आधी वनखात्याची परवानगी काढावी लागेल.

कागल तालुक्यात एसटीच्या पाटीवर गावाचं नाव लिहिलेलं असतं ‘सेनापती कापशी’. सिमा च्यानच्या घराला हुद्दा आडनाव म्हणून चिकटला, इथं तो गावाला चिकटलाय. त्या स्टँडवर उतरलेल्या घोरपड्याला कुणी ‘कुठले’ म्हणून विचारत नाही.