सुरतेचे गोपीतळे

आषाढी एकादशीच्या दिवशी मठात जाऊन तप्तमुद्रा घेण्याचा परिपाठ आपल्या वैष्णव सारस्वत समाजात अद्याप टिकून आहे. गोपीचंदनाचा गोळा तर पुष्कळ घरांत देव्हाऱ्याशेजारीच असतो. हे गोपीचंदन ज्या सरोवराची माती म्हणून पूज्य ठरले, ते गोपीतळे द्वारकेनजीक आहे. कृष्णविरहाने व्याकुळ झालेल्या गोपी त्या ठिकाणी भूमीत विलीन झाल्या, अशी त्याची कथा. द्वारकेहून निघालेले जहाज मलप्याच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडले, श्रीमध्वाचार्यांनी ते तारले, आणि नाखव्याने कृतज्ञतेने दिलेल्या गोपीचंदनाच्या गोळ्यातून उडुपीचा श्रीकृष्ण प्रकट झाला, ही आख्यायिका तर आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते.

परंतु गुजराथेत गोपीतळे या नावाचे आणखी एक सरोवर आहे, आणि त्याची वार्ता आपल्या वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचली असेल. ते सुरत शहरात, गोपीपुरा नामक जुन्या वस्तीपाशी आहे. त्याच्या मातीला पावित्र्य नाही आणि त्याच्या नावातील गोपी ही व्रजांगना नसून एक पुरुष आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजराथच्या सुलतानांच्या पदरी असलेला हा हिंदू अमात्य, सुरतेचा कारभारी आणि स्वतःची जहाजे समुद्रावर पाठविणारा सावकार, इतिहासात मलिक गोपी या नावाने ओळखला जातो. 'मलिक' हा दरबारी किताब आहे. त्यावरून धर्मांतराचा तर्क कोणी करू नये.

सुरतेसारख्या नदीकाठच्या नगराला तळ्याची गरज काय, असा प्रश्न सहजच पडेल. तापी सुरतेच्या तटाला लागून वाहते खरी, परंतु समुद्र तेथून जवळ आहे. भरतीचे पाणी नदीत शिरते आणि प्रवाह मचूळ होतो. कोकण-गोव्यातील खाडीकाठच्या माणसाला हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही; अंगणापुढे अथांग पाणी आणि पिण्यासाठी मात्र दूरच्या विहिरीवर घागर, हा अनुभव त्याच्या परिचयाचा आहे. सुरत हे तर बंदर. नगरवासी, यात्रेकरू, गुरेढोरे आणि लांबच्या सफरीवर निघणारी गलबते या सर्वांनाच गोडे पाणी हवे. ही नड ओळखून गोपीने १५१० च्या सुमारास हे विस्तीर्ण तळे बांधविले.

त्याचे जे वर्णन आपणास मिळते ते बहुतांशी परकीयांच्या लेखणीतून. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन गृहस्थ सुरतेस आला, आणि त्याने हे सरोवर त्याच्या नावासह आपल्या पत्रांत नोंदविले. १६६६ मध्ये आलेला फ्रेंच प्रवासी थेव्हनो अधिक बारकाईने पाहणारा होता. तळ्याला सोळा बाजू आहेत, प्रत्येक बाजू शंभर पावलांची आहे, तळ मोठमोठ्या गुळगुळीत फरशांनी बांधून काढला आहे, आणि काठापासून तळापर्यंत बहुतेक सर्व बाजूंनी दगडी पायऱ्या उतरत गेल्या आहेत, असे तो सांगतो. मध्यभागी एक लहानशी दगडी इमारत होती. पायऱ्या नव्हत्या तेथे उतार होते आणि जनावरांना पाण्याशी जाता यावे म्हणून काही जागा मुद्दाम राखल्या होत्या. लोकोपयोगासाठी रोमन लोकांनी उभारलेल्या उत्तमोत्तम कामांशी या तळ्याची तुलना करावी, असा अभिप्राय त्याने दिला आहे. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मोगलांचे हे श्रीमंत बंदर त्या धक्क्यातून सावरत होते, आणि दीडशे वर्षांपूर्वीचे हे बांधकाम परक्या माणसाला थक्क करीत उभे होते.

थेव्हनोने तळ्याच्या कर्त्याला श्रीमंत वाणी म्हटले आहे. उलट गुजराथच्या फारशी तवारिखेत, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभीच्या 'मिरात-ए-सिकंदरी'त, तो ब्राह्मण आहे. आणि स्थानिक परंपरा त्याला नागर ब्राह्मण मानते. नागरांचे मूळ स्थान वडनगर. तेथे त्यांचे कुलदैवत हाटकेश्वर आहे आणि शर्मिष्ठा नावाचे प्राचीन सरोवरही आहे. तळ्याकाठी वाढलेल्या जातीतील पुरुषाने दूरच्या बंदरात तळेच बांधावे, ही संगती मनाला पटणारी आहे. पण मनाला पटणे म्हणजे पुरावा नव्हे, हे वकिली व्यवसायात लवकरच शिकावे लागते. दीडशे वर्षांत लोकस्मृतीने ब्राह्मण अमात्याचा वाणी सावकार केला, एवढे मात्र उघड दिसते. त्याचे प्रधानपद लोक विसरले, दरबारातील डावपेच विसरले, आणि पाणी देणारा एक धनवान गृहस्थ तेवढा स्मरणात उरला.

सुरतेच्या नावाची आख्यायिकाही याच गोपीभोवती गुंफली गेली आहे. गोपीने वस्ती वसविली, व्यापारी बोलावले, घरांच्या रांगा उभारल्या, तळे खोदले. तरीही त्या जागेला नाव नव्हते, लोक तिला 'नवी जागा' म्हणत. गोपीने ज्योतिषांना विचारले तेव्हा त्यांनी सूरज किंवा सूर्यपूर हे नाव सुचविले. मंजुरीसाठी विनंती सुलतानाकडे गेली. सुलतानाने एका अक्षराचा फेरफार करून 'सूरज'चे 'सुरत' केले, कारण कुराणाच्या अध्यायांना 'सूरत' म्हणतात. दुसऱ्या एका कथेत सूरज ही गोपीच्या स्नेहातील एक धनाढ्य स्त्री आहे, आणि नगराला तिचे नाव देण्याची त्याची इच्छा होती. शहरातील राणी चकला हा भाग गोपीच्या पत्नीच्या नावाचा, असेही सांगतात.

या कथा मनोरम आहेत, पण साक्षीला उभ्या केल्या तर टिकत नाहीत. गोपीच्याच काळात हिंदुस्थानात असलेला पोर्तुगीज लेखक दुआर्त बार्बोझा सुरतेचे वर्णन मोठ्या व्यापाराचे बंदर म्हणून करतो. नव्याने वसलेल्या, कालपरवा नाव मिळालेल्या गावाचे हे वर्णन नव्हे. गोपीने सुरत वाढविली असे म्हणावे. निर्माण केली असे म्हणवत नाही. मात्र सूर्यपूर हे नाव ज्योतिषांना सुचले असे लोकांना का वाटले, हे पाहण्यासारखे आहे. तापी ही पुराणांनुसार सूर्यकन्या आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्मदिवस मानतात, आणि त्या दिवशी सुरतेचे लोक नदीला चुनडी अर्पण करतात. नदीवर अश्विनीकुमारांच्या नावाचा घाट आहे, आणि सूर्यपुत्र कर्णाचे दहन तेथेच झाले अशी श्रद्धा आहे. त्या ठिकाणच्या वडाला तीनच पाने असतात असे भाविक सांगतात. कन्या, पुत्र, आणि पुन्हा जुळे पुत्र! सूर्याचे इतके आप्त जेथे जमले, त्या गावाच्या नावात सूर्य शोधल्यावाचून लोकांना चैन कसे पडेल? गोपीची कथा या जुन्या पुराणकथेवर नंतर चढविलेले कलम आहे, असे माझे मत आहे.

आता थोड्या अवघड विषयाकडे वळतो. गोमंतकाशी ज्यांचे नाते आहे अशा वाचकांना मलिक गोपीची एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून गोवा घेतला. त्याच वर्षी एक पोर्तुगीज जहाज गुजराथच्या किनाऱ्यावर फुटले, आणि त्यातील वाचलेले लोक चांपानेरास सुलतानाचे बंदी झाले. या प्रकरणात मध्यस्थ म्हणून पुढे आला तो मलिक गोपी. आल्बुकेर्कशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि दरबारात पोर्तुगीजांशी सलोखा राखावा हा पक्ष त्याने चालविला. दीवचा मलिक अयाझ नेमका विरुद्ध बाजूला होता. त्याच्या आरमाराने १५०८ साली चौलच्या खाडीत मिसरी आरमाराबरोबर पोर्तुगीजांना पराभूत केले होते. १५११ मध्ये महमूद बेगडा वारला, मुजफ्फरशहा गादीवर आला, तरी हा झगडा चालूच राहिला.

तर मग गोव्यावर ज्यांनी पुढे इतका अनर्थ ओढवला, त्यांचा हा हितचिंतक होता काय? प्रश्न योग्य आहे, पण उत्तर देताना सालांचा क्रम विसरून चालणार नाही. तिसवाडीतील देवालये पाडली गेली ती १५४० मध्ये. साष्टी आणि बारदेशातील देवालयांचा विध्वंस १५६७ च्या सुमाराचा. इन्क्विझिशनची स्थापना १५६० ची. आपले पूर्वज देव घेऊन नदीपार गेले ते त्या काळात. १५१० मध्ये यातले काहीच घडले नव्हते. खुद्द आल्बुकेर्कला गोव्याकडे वळविणारा तिमय्या हिंदूच होता, आणि आदिलशाही अंमलाला विटलेल्या अनेक गोमंतकीयांनी त्या वेळी पोर्तुगीजांचे स्वागत केले. ज्या आरमाराशी आपली जहाजे झुंजू शकत नाहीत, त्याच्याशी सलोखा करून व्यापार निर्वेध ठेवावा, असा हिशेब एका जहाजवाल्याने केला. तो हिशेब दूरदृष्टीचा ठरला नाही. परंतु माणसाचा न्याय त्याला ज्ञात असलेल्या गोष्टींवरून व्हावा, त्याच्या मागून घडलेल्यांवरून नव्हे.

१५१४ साली पोर्तुगीज वकिलात सुरतेच्या मार्गाने सुलतानाकडे गेली. तिला दीवमध्ये किल्ला बांधण्याची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही, भेट म्हणून एक गेंडा मात्र मिळाला. तो गोव्यास आणि तेथून १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो प्राणी कधी पाहिला नव्हता. ऐकीव वर्णन आणि एक रेखाटन यांच्या आधारे त्याने अंगावर चिलखत घातल्यासारखा गेंडा काढला, आणि युरोपने पुढे कित्येक पिढ्या तोच खरा मानला. आख्यायिका कशा तयार होतात याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

गोपीचा शेवट वाईट झाला. दरबारी वैर त्याला भोवले. सुलतानाची मर्जी फिरली आणि त्याच दशकात त्याला देहदंड झाला. सलोख्याचे त्याचे धोरणही त्याच्याबरोबर संपले. १५३० साली आंतोनियो द सिल्व्हेरा याने सुरत आणि पलीकडच्या काठावरील रांदेर ही दोन्ही नगरे जाळली. तापीच्या काठी आज दिसणारा सुरतेचा किल्ला खुदावंदखानाने १५४६ मध्ये पुरा केला, तो अशाच हल्ल्यांच्या भीतीपोटी. धोरण गेले, कर्ता गेला, आणि तळे मात्र राहिले.

तळे का राहिले, याचे कारण धर्मशास्त्रात शोधावेसे वाटते. शास्त्राने पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञादी कर्मे हे इष्ट. विहिरी, तळी, देवालये, अन्नदान, उपवने हे पूर्त. पूर्ताचा अधिकार स्त्रीशूद्रांसह सर्वांना आहे. यातील सूक्ष्म भाग म्हणजे उत्सर्ग. दानात देणारा आणि घेणारा असे दोघे लागतात. तळ्याच्या उत्सर्गात घेणारा कोणी एक नसतोच. कर्ता आपला हक्क सोडतो तो सर्व भूतमात्रांसाठी. त्यानंतर त्याला तेथे स्नानपान करता येते, पण सर्वांपैकी एक म्हणून, मालक म्हणून नव्हे. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा ऊहापोह केला आहे. ते स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत, त्यामुळे स्वामित्वाच्या प्रश्नातील मर्म त्यांना नेमके दिसले असावे. मनूने तर तळे फोडणाऱ्यास देहांत शिक्षा सांगितली आहे, आणि पर्याय म्हणून तळे पूर्ववत करून द्यावे व उत्तमसाहस दंड भरावा असे म्हटले आहे. गोपीने विधिपूर्वक उत्सर्ग केला असो वा नसो, सुरतकरांनी ते पाणी उत्सर्गाचेच मानले.

त्या पाण्याचे रक्षण मात्र सुरतकरांनी केले नाही. शहरात विहिरी झाल्या, पुढे नळ आले, आणि ज्याच्यावाचून अडत नाही त्याची निगा कोण राखणार? पाणी आटले, तळ उघडा पडला, आणि सुरतेत वाढलेल्या कित्येक पिढ्यांना 'तळे' हा शब्द केवळ पत्त्यात भेटू लागला. मराठ्यांची चौथ, इंग्रजांचा अंमल, कवी नर्मदांचा काळ, हे सर्व त्याच्या डोळ्यांदेखत होऊन गेले. नर्मद हे सुरतेचे, जातीने नागर, आणि त्यांनी आपल्या शहराचा इतिहासही लिहिला. गोपीपुऱ्यात पुढे जैन श्रावकांची वस्ती वाढली, देरासरे उभी राहिली. वस्ती बदलली तरी नाव गोपीचेच राहिले.

२०१२ मध्ये सुरत महानगरपालिकेने तळ्याच्या पुनरुद्धाराचे काम हाती घेतले आणि २०१५ साली ते लोकांना खुले झाले. सुमारे ५८ हजार चौरस मीटरांचा तो परिसर आता पुन्हा पाण्याने भरलेला दिसतो. संध्याकाळी दिवे लागतात, होड्या फिरतात, मुले काठावर खेळतात. आत जाण्यास तिकीट आहे. शास्त्राच्या दृष्टीने त्यावर वाद घालता येईल, आणि देखभालीचा खर्च कोणीतरी सोसलाच पाहिजे हे उत्तरही तयार असेल. गोपी स्वतः दारात आला तर त्यालाही तिकीट काढूनच आत जावे लागेल, आणि त्याला मात्र तक्रारीला जागा नाही. उत्सर्गानंतर कर्त्याचा हक्क इतरांहून तिळभरही अधिक नसतो.