प्लेगची लस आणि लाभ-धोक्याचा तोल : मुंबई इलाख्यातील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास (१८९६–१९०७)

प्रस्तावना

योग्य रीतीने योजलेले विष औषध ठरते आणि अयोग्य रीतीने योजलेले औषध विष ठरते, हा विचार भारतीय वैद्यकपरंपरेत चरकसंहितेपासून रूढ आहे. मात्र एखाद्या औषधाचा लाभ किती आणि धोका किती, याचे मोजमाप संपूर्ण समाजाच्या पातळीवर करण्याचा प्रसंग महाराष्ट्रात ठळकपणे प्रथम आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या साथीत. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेल्या लसीच्या निमित्ताने शास्त्रज्ञ, सरकार आणि सामान्य जनता या तिघांनीही हा हिशेब आपापल्या परीने मांडला. तिघांची उत्तरे वेगवेगळी आली. ती वेगळी का आली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. इतिहासलेखनात या काळाचा विचार प्रामुख्याने राजकीय अंगाने झाला आहे. रँडचा वध आणि त्यानंतरचे खटले हे त्याचे केंद्र राहिले. येथे त्याच घटनांकडे औषधाच्या गुणदोषविवेचनाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

साथीचे आगमन आणि लसीची निर्मिती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. या रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे ओळखला गेला होता. परंतु त्याचा प्रसार उंदीर आणि पिसवा यांच्याद्वारे होतो, ही गोष्ट अद्याप सर्वमान्य झालेली नव्हती. रोगावर खात्रीचा उपचारही नव्हता. कॉलऱ्याच्या लसीच्या कामासाठी भारतात आलेले हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवायचे, नंतर उष्णता देऊन ते मारायचे आणि त्या मृत जंतूंचा द्रव टोचायचा, अशी ही पद्धत होती.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी लसीची १० घन सेंटिमीटर एवढी मात्रा प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे सर्वसाधारणपणे वापरल्या गेलेल्या मात्रेच्या ती कितीतरी अधिक होती. त्यांना ताप आला, टोचलेल्या जागी वेदना झाल्या आणि काही दिवसांत त्या ओसरल्या. या स्वप्रयोगातून लस सहन करता येते एवढे सिद्ध झाले; ती प्लेगपासून वाचवते हे सिद्ध झाले नाही. धोक्याचा अंदाज एका शरीरावरून काही अंशी घेता येतो. लाभाचा अंदाज मात्र तुलनेसाठी दुसरा समूह असल्याशिवाय घेता येत नाही. हाफकिन यांना ही मर्यादा माहीत होती, हे त्यांच्या पुढील प्रयोगांवरून दिसते.

भायखळा आणि उंडेरा : तुलनेची पद्धत

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ज्या कैद्यांनी तयारी दर्शवली त्यांना लस टोचण्यात आली. उरलेल्यांना टोचली नाही. दोन्ही गटांतील संख्या साधारण सारख्या होत्या व दोन्ही गटांचे अन्न, निवास आणि काम एकच होते. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मृत्यू एकही झाला नाही. बंदिवानाची संमती कितपत मुक्त मानावी हा प्रश्न आजचा वाचक विचारील आणि तो रास्त आहे.

याहून काटेकोर प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंडेरा या गावी झाला. गावात प्लेग आधीच आलेला होता. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचावयाची आणि निम्म्यांना तशीच ठेवावयाची, असे ठरले. घर, अन्न, पाणी, सवयी सारख्याच असल्याने फरक पडला तर तो लसीमुळेच, असे म्हणता येणार होते. पुढे ज्या कुटुंबांत रोग शिरला, त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला व ३ मृत्यू पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला व २६ मृत्यू पावले. मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ४ च्या आसपास, तर दुसऱ्यात शेकडा ४० हून अधिक होते.

या आकड्यांचा अर्थ दुहेरी आहे. लसीची उपयुक्तता त्यांतून निर्विवादपणे दिसते. त्याचबरोबर तिची मर्यादाही दिसते. लस घेऊनही तिघे दगावले. आणखी एक बाब नजरेआड करता येत नाही. दुसऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण पहिल्याइतकेच राहिले असते, तर २६ ऐवजी सुमारे ३ मृत्यू झाले असते. म्हणजे लाभाचा हा पुरावा ज्यांच्यामुळे मिळाला, त्यांतील वीसहून अधिक माणसे तो मिळवून देताना गेली. औषधाच्या गुणांविषयी आज जे ज्ञान खात्रीचे म्हणून वापरले जाते, त्याच्या मुळाशी असा हिशेब असू शकतो, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

पुणे : सक्तीच्या छायेतील निवड

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांची पुण्यातील प्लेगनिवारणाच्या कामावर नियुक्ती झाली. सैनिकांकरवी घरझडत्या, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवणे, नातलगांना विलगीकरण छावणीत ठेवणे आणि घरातील सामान जाळणे या उपायांनी शहरात कमालीचा क्षोभ निर्माण झाला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. पुणेकरांचा रोष उपचारावर किंवा शुश्रूषेवर होता असे सरसकट म्हणता येत नाही. तो प्रामुख्याने उपचाराच्या नावाखाली होणाऱ्या जबरदस्तीवर होता.

लस टोचून घेणे मात्र तत्त्वतः ऐच्छिक राहिले. प्रत्यक्षात त्यास एक जोड देण्यात आली : लस घेतल्याचे प्रमाणपत्र असणाऱ्यास विलगीकरणातून सवलत मिळू लागली. मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यातील हुबळी येथे १८९८ मध्ये शहरातील बहुसंख्य रहिवाशांनी लस घेतली. हे उदाहरण लसीच्या यशाचे म्हणून वारंवार दिले गेले.

या सवलतीचा परिणाम सूक्ष्म पण दूरगामी होता. लाभ-धोक्याच्या तराजूत एका पारड्यात लसीमुळे येणारा ताप, वेदना आणि बुडणारी मजुरी, तर दुसऱ्या पारड्यात प्लेगपासून मिळणारे संरक्षण असावयास हवे. छावणीची भीती दुसऱ्या पारड्यात टाकली गेली आणि काट्याचा अर्थच बदलला. माणूस लस घेत होता तो प्लेग टाळण्यासाठी की छावणी टाळण्यासाठी, हे सांगणे कठीण झाले. त्यामुळे लस घेणाऱ्यांच्या वाढत्या संख्येवरून जनतेचा लसीवर विश्वास बसला, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होते. भीतीपोटी घेतलेल्या निर्णयाला पहिल्या प्रतिकूल घटनेत टिकून राहण्याचे बळ नसते.

प्राध्यापक टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने १८९८–९९ मध्ये पुराव्याची तपासणी केली. लसीमुळे रोगाचे व मृत्यूचे प्रमाण घटते, परंतु संरक्षण पूर्ण नसते आणि ते किती काळ टिकते याविषयी निश्चिती नाही, असा त्याचा आशय होता. मात्रेच्या प्रमाणीकरणातील उणिवाही आयोगाने दाखवल्या. गुण आणि दोष एकाच अहवालात, एकमेकांना न झाकता मांडण्याचा हा प्रयत्न त्या काळाच्या मानाने उल्लेखनीय होता.

मुल्कोवाल : एकोणीस मृत्यू आणि त्यांचे वजन

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये स्थलांतरित झाली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम आखली. वाढती मागणी पुरी करण्यासाठी परळ येथे उत्पादनाच्या पद्धतीत बदल करण्यात आले. पूर्वी जंतुनाशक म्हणून घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. त्या बाटलीचा क्रमांक ५३-एन असा होता. अन्य बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. म्हणजे प्रश्न लसीच्या मूळ गुणधर्माचा नव्हता, एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू कसे शिरले याचा होता.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने दोष बाटली उघडण्यापूर्वीचा, म्हणजे प्रयोगशाळेतील असल्याचा कौल दिला. हाफकिन यांना पदापासून दूर व्हावे लागले. पुढे कागदपत्रांची छाननी झाली, तेव्हा एक तपशील पुढे आला. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा आतील द्रवाला दुर्गंधी नव्हती. द्रव आठवडे-आठवडे दूषित राहिला असता, तर दुर्गंधी अपेक्षित होती. रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला आणि जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला व ते कलकत्त्यास कामावर परतले.

व्यक्तीला न्याय मिळाला; तोपर्यंत पाच वर्षे गेली होती. दुर्घटनेनंतर पंजाबातील मोहीम ओसरली होती. १९०७ या एकाच वर्षात त्या प्रांतात प्लेगने सहा लाखांहून अधिक लोक दगावले. लस घेतली गेली असती तर यांतील किती वाचले असते, हे सांगता येणार नाही. साथीच्या प्रसारास अन्यही अनेक कारणे होती. परंतु तुलनेचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. मुल्कोवालच्या एकोणीस मृतांना गाव होते, तारीख होती, बाटलीचा क्रमांक होता. लसीमुळे जो वाचला, त्याला आपण वाचलो हे कधी कळत नाही. तो कोणत्याच नोंदवहीत ‘वाचलेला’ म्हणून येत नाही. औषधाची हानी डोळ्यांना दिसते, लाभ मात्र आकडेवारीतच दिसतो. म्हणून जेथे आकडेवारी ठेवणाऱ्यावर विश्वास नसतो तेथे लाभाचे पारडे रिकामेच भासते. लसीविषयी साशंक झालेल्या खेडुतास अडाणी ठरवणे त्यामुळे योग्य नव्हे. त्याच्यापुढे जो पुरावा होता, त्याच्या आधारे त्याने काढलेला निष्कर्ष तर्कशुद्धच होता.

नंतरच्या काळाशी नाते

औषधाचा अंगभूत धोका आणि उत्पादनातील किंवा हाताळणीतील दोषामुळे उद्भवणारा धोका यांत फरक करण्याची गरज महाराष्ट्राला पुन्हा तीव्रतेने जाणवली ती १९८६ मध्ये. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. ग्लिसरॉल हे उपयुक्त औषध होते. मारक ठरली ती भेसळ. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी करून खरेदी, तपासणी व नियंत्रण या साखळीतील त्रुटींवर बोट ठेवले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० मध्ये सुरू झाला. मुल्कोवालनंतर हे घडण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

आहारपूरकांच्या बाबतीत ही नोंद आणखी विरळ असते. कायद्याच्या दृष्टीने ती औषधे नसून अन्न आहेत. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा त्यांना लागू होतो. त्यामुळे बाजारात येण्यापूर्वी औषधाला द्यावा लागणारा परिणामकारकतेचा पुरावा त्यांच्याकडून त्याच रीतीने मागितला जात नाही. बारामती-इंदापूर परिसरात, भवानीनगरसारख्या साखर कारखान्याभोवती वाढलेल्या वसाहतीत काय किंवा शहरात काय, शक्तिवर्धक भुकटीची शिफारस बहुधा एखाद्याच्या अनुभवावरून होते. ‘अमक्याला गुण आला’ हे वाक्य भायखळ्याच्या निम्म्या तुरुंगासारखे आहे. उरलेला अर्धा भाग, म्हणजे ते न घेतलेल्यांचे काय झाले, त्यात नसतो.

निष्कर्ष

१. लाभाचे मोजमाप तुलनेवाचून होत नाही. उंडेरा येथील प्रयोगाचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे, आणि त्या पद्धतीची मानवी किंमतही विसरता येत नाही.

२. औषधाचा अंगभूत धोका, उत्पादनातील दोष आणि हाताळणीतील चूक या तीन बाबी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत झाल्यास उपयुक्त औषध टाकले जाते किंवा खरा दोष झाकला जातो. मुल्कोवालमध्ये ही गल्लत झाली.

३. धोक्याचा निर्णय घेणारी व्यक्ती मुक्त नसेल, तर तिने दिलेला होकार हा औषधाच्या बाजूचा पुरावा ठरत नाही. सवलत आणि दंड यांनी वाढलेली संख्या पहिल्याच आघातात कोसळू शकते.

४. विश्वास हा लाभ-धोक्याच्या हिशेबाबाहेरचा भावनिक भाग नसून हिशेबाचाच घटक आहे. पुण्यात १८९७ मध्ये शासनाने तो गमावला. लस चांगली होती, तरीही ती घेणाऱ्याला तसे पटवून देईल असा विश्वासू मध्यस्थ शासनाजवळ उरला नव्हता.

हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि परळची ती वास्तू आजही त्या नावाने ओळखली जाते. त्या नावाबरोबर उंडेरा येथील चौसष्ट आणि मुल्कोवालचे एकोणीस यांचीही आठवण ठेवली, तरच हा हिशेब पूर्ण होतो.